अण्णाभाऊ साठे आणि त्यांचा फकिरा

१ ऑगस्टचा दिवस आठवून पाहा. त्या दिवशी सकाळी शाळेत टेबलावर दोन तसबिरी मांडलेल्या असतात. एक लोकमान्य टिळकांची. त्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत झाले. दुसरी तसबीर अण्णाभाऊ साठे यांची. त्यांचा जन्म त्याच वर्षी, त्याच तारखेला झाला. संध्याकाळ झाली की नांदेडला आणि लातूरला अण्णाभाऊंच्या मिरवणुका निघतात. हलगी कडाडू लागते, रस्ते भरून जातात आणि आपल्या मोहल्ल्यातली मुलेसुद्धा कोपऱ्यावर उभी राहून पाहत असतात.

मी नवा नवा शिक्षक असताना अशाच एका १ ऑगस्टला आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, की हे अण्णाभाऊ राजे होते की मंत्री? ते लेखक होते, असे मी सांगितले. त्यावर त्याला मोठे नवल वाटले. लेखकासाठी एवढी हलगी कशी वाजते, असा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. पुढे मी अण्णाभाऊंची पुस्तके वाचली. तेव्हा समजले, की या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जन्माच्याही आधीपासून सुरू होते.

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात वाटेगाव नावाचे गाव आहे. त्या काळी हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. तेथील मांग वस्तीत भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या पोटी अण्णाभाऊंचा जन्म झाला. त्यांचे पाळण्यातले नाव तुकाराम. मांग म्हणजेच मातंग समाजाचे लोक दोर वळीत, केरसुण्या बांधीत, लग्नात आणि जत्रेत हलगी वाजवीत. त्यांची वस्ती गावाबाहेर असे आणि गाव त्यांना अस्पृश्य मानीत असे.

एवढ्यावरही भागत नव्हते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा केला होता. त्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. चोरी करो वा न करो, त्या जमातीत जन्मला तो सरकारी कागदावर चोर! वारणेच्या खोऱ्यातील मांगांवरही या कायद्याचा बडगा होता. पुरुषांना चौकीवर जाऊन हजेरी द्यावी लागे. रात्री कोणी घरी सापडला नाही, तर पोलीस त्याच्या मागे लागत. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे अण्णाभाऊंचे बालपण आणि तारुण्य त्या कायद्याच्या छायेत गेले.

त्याच वाटेगावात फकिरा नावाचा एक मांग वीर होऊन गेला. तो साठे यांच्या नात्यातला होता. सरकारच्या दप्तरी तो दरोडेखोर होता. मांगवाड्यात मात्र त्याचे नाव आदराने घेतले जाई, कारण त्याने सरकारी खजिना लुटला आणि तो उपाशी माणसांना वाटला. अण्णाभाऊंच्या घरात एक आठवण नेहमी सांगितली जात असे. बाळंतीण वालुबाईंच्या घरात खायला काही नव्हते. त्या वेळी फकिरा आला आणि लुटीतले दोन ओंजळी रुपये देऊन गेला. त्यावर बाळ-बाळंतिणीचे पोषण झाले. ही ओंजळ नीट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

तुकारामाला शाळेत घातले तेव्हा तो चांगला मोठा झालेला होता. तरी त्याची शाळा जेमतेम दीड दिवस टिकली. मास्तरांनी जातीवरून अपमान केला आणि मार दिला. मुलगा चिडून शाळेबाहेर पडला, तो पुन्हा आत गेला नाही. शिक्षक म्हणून ही हकिकत सांगताना मला लाज वाटते. पण ती खरी आहे, म्हणून सांगितलीच पाहिजे.

१९३१ च्या सुमारास दुष्काळ आणि दारिद्र्य यांनी वाटेगावात राहणे अशक्य केले. भाऊराव मुंबईत साहेबांच्या बागेत राबत असत. त्यांनी बायकामुलांना मुंबईला न्यायचे ठरवले. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नव्हते. तेव्हा हे कुटुंब चालत निघाले. अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. नांदेडहून लातूरला जाऊन परत यावे आणि तरीही वाट उरावी, एवढे! वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुन्हा चालायचे. अकरा वर्षांचा तुकाराम त्या वाटेवर चालला.

मुंबईत हे कुटुंब भायखळ्याच्या एका चाळीत राहू लागले. मुलाने किती कामे केली याची गणती नाही. त्याने हमाली केली, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहिले, श्रीमंतांची मुले आणि कुत्री सांभाळली, बूट पॉलिश केले. पुढे गिरणीत कामाला लागला. आणि हे करता करता तो वाचायला शिकला. कसा? दुकानांच्या पाट्या पाहून, सिनेमाची भित्तिपत्रके पाहून. एक अक्षर ओळखायचे, ते दुसऱ्या पाटीवर शोधायचे, कोणाला तरी विचारून खात्री करायची. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण मराठी अशीच शिकले आहेत. घरी उर्दू, शाळेत उर्दू आणि मराठी अक्षरे आधी एस.टी.च्या पाट्यांवर भेटलेली. माझेही तसेच झाले. पण आपल्या पाठीशी शाळा होती. त्या मुलाच्या पाठीशी फक्त रस्ता होता.

मध्यंतरी कुटुंब पुन्हा गावी परतले. तेथे अण्णाभाऊ चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात सामील झाले. तमाशात त्यांनी वाद्ये हाताळली, सोंगे वठवली, गाणी म्हटली. लोकांना हसवता हसवता त्यांच्या मनातले कसे बोलावे, ही विद्या त्यांना तेथे मिळाली. मोठेपणी ते मुंबईला परतले, तेव्हा ही विद्या बरोबर होती.

मुंबईत ते माटुंग्याच्या लेबर कँप या मजूर वस्तीत राहत. तेथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी त्यांची ओळख झाली आणि त्यांनी पहिली रचना केली ती डासांवर! वस्तीत डासांचा इतका सुळसुळाट होता, की अण्णाभाऊंनी मच्छराचा पोवाडा लिहिला. पोवाडा म्हणजे वीरांच्या पराक्रमाचे गाणे. राजाच्या जागी डास बसवल्यामुळे मजूर पोट धरून हसले आणि हसता हसता वस्तीतल्या घाणीचा विचार करू लागले. पुढे १९४३ मध्ये त्यांनी दूरच्या रशियातील स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. तोही कामगारांमध्ये गाजला.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. यांपैकी अमर शेख यांची ओळख तुम्हाला असायलाच हवी. त्यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. ते बार्शीचे. कुर्डुवाडीहून लातूरला येणारी जुनी छोटी रेल्वे बार्शीवरूनच येत असे, म्हणजे ते आपले शेजारीच म्हणायचे. त्यांचा आवाज असा बुलंद होता, की हजारोंची सभा तो ऐकत राही. एक वाटेगावचा मांग, एक बार्शीचा मुसलमान आणि तिसरे गव्हाणकर, असे हे तिघे मराठी शाहीर गावोगाव हिंडले. त्याच काळात मुंबईत कैफी आझमी आणि अली सरदार जाफरी हे उर्दूचे शायर याच चळवळीत काम करीत होते. शाहीर आणि शायर हे शब्द मुळात एकच आहेत, हे तुम्ही ओळखले असेलच.

मराठीतले असे किती तरी शब्द तुमच्या घरचे आहेत. तमाशा, खजिना, हजेरी, जुलूम, इनामदार. अण्णाभाऊंच्या पुस्तकांत ते पानोपानी भेटतात. त्यामुळे त्यांचे मराठी तुम्हाला अवघड वाटण्याचे कारण नाही.

अण्णाभाऊंनी तमाशाचे रूप बदलले. आरंभी देवाची स्तुती करण्याऐवजी ते मातृभूमीला, शहिदांना वंदन करीत. सावकार, काळाबाजारवाले, खोटी आश्वासने देणारे पुढारी हे त्यांचे पात्र होत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर आणि या कलापथकावर बंदी घातली. तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच प्रकाराला लोकनाट्य हे नाव देऊन काम पुढे चालू ठेवले. नाव बदलले, ढोलकी तीच राहिली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी केलेले काम फार मोठे आहे. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. पण मराठी माणसांचे, मुंबईसह एक राज्य व्हावे, ही मागणी अजून पुरी झालेली नव्हती. तिच्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. अण्णाभाऊंनी त्या वेळी एक छक्कड लिहिली. छक्कड म्हणजे तमाशातले ठसकेबाज गाणे. मुंबईत पोट भरायला आलेला एक गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे विरहाचे गाणे आहे. हळूहळू उलगडते, की हा विरह बेळगाव, कारवार, निपाणी यांचाही आहे. गिरणगावातला जवळजवळ प्रत्येक कामगार बायको गावी ठेवून आलेला असे. त्याला राजकारण वेगळे समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव आणि कारवार मात्र बाहेरच राहिले.

आता त्या दोन ओंजळी रुपयांकडे वळू.

अण्णाभाऊंनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय पुष्कळ कथा. त्यांची स्मशानातील सोनं ही कथा मिळाली तर जरूर वाचा. काम सुटलेला भीमा नावाचा मजूर प्रेतांच्या राखेत सोने शोधत फिरतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक १९५९ मध्ये निघाले. त्याचे नाव फकिरा. हे पुस्तक त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केले. १९६१ मध्ये त्याला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

कथा थोडक्यात सांगतो. वाटेगावच्या आसपास एक रीत होती. ज्या गावाकडे देवीची जोगणी, म्हणजे जत्रेतली मानाची वाटी, असेल त्याच गावाची जत्रा भरे. दुसऱ्या गावच्या माणसाने ती पळवून आपल्या शिवेत आणली, तर जत्रेचा मान त्या गावाकडे जाई. ही जोखीम जिवावरची असे. वाटेगावचा राणोजी मांग शिगावची जोगणी आणतो आणि त्यात मारला जातो. ज्या गावाने त्याला शिवेबाहेर ठेवले, त्याच गावाच्या मानासाठी तो मरतो! फकिरा हा या राणोजीचा मुलगा. तो मोठा होतो तेव्हा दुष्काळ पडतो, रोगराई येते. मांगवाड्यात माणसे भुकेने मरू लागतात. दुसरीकडे धान्याची कोठारे भरलेली असतात. फकिरा आणि त्याचे साथीदार ती कोठारे फोडून धान्य वाटतात. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतात आणि तोही वाटून टाकतात. सरकार फकिराला पकडू शकत नाही. मग ते त्याच्या नातेवाइकांना, बायकामुलांना पकडून कोंडते. आपल्यासाठी निरपराध माणसांचे हाल होत आहेत हे कळल्यावर फकिरा काय करतो, ते मी सांगत नाही. ते तुम्ही स्वतः वाचा.

तुम्ही विचाराल, की लूट ती लूटच ना? चोरी वाईट, हे आम्हाला घरी आणि शाळेत शिकवले आहे. खरे आहे. मलाही हा प्रश्न पडला होता. पण ज्याला जन्मापासूनच चोर म्हणून हजेरी द्यायला लावले आणि ज्याच्या डोळ्यांदेखत मुले उपाशी मेली, त्याची गोष्ट पोलिसांच्या कागदावरून वाचावी की त्याच्या वस्तीत ऐकावी? अण्णाभाऊंनी ती वस्तीत ऐकली होती. कागदावरचा दरोडेखोर त्यांनी माणूस म्हणून दाखवला.

असे लोकनायक फक्त वारणेच्या काठी झाले असे नाही. उत्तर हिंदुस्थानातील सुलताना डाकूचे नाव तुम्ही ऐकले असेल. तो भांतू जमातीचा होता आणि ही जमातही इंग्रजांच्या त्याच कायद्याने गुन्हेगार ठरवलेली होती. सुलतानाला १९२४ मध्ये फाशी झाली. पण नौटंकीवाल्यांनी त्याला रंगमंचावर जिवंत ठेवले. त्याला पकडण्याच्या मोहिमेत मदत करणारे शिकारी जिम कॉर्बेट यांनीही पुढे आपल्या पुस्तकात त्याच्याबद्दल आपुलकीने लिहिले. अमेरिकेत जॉन हेन्रीची कथा सांगतात. तो काळा मजूर होता. १८७० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनिया भागात रेल्वेसाठी डोंगर पोखरण्याचे काम चालू होते. माणसांचे काम वाफेचे यंत्र करणार असे दिसू लागले, तेव्हा जॉन हेन्रीने हातोडा घेऊन यंत्राशी शर्यत लावली. तो जिंकला आणि तेथेच कोसळून मेला. मजुरांनी त्याची गाणी केली. गाण्यांवरून पुस्तके झाली. कोल्सन व्हाइटहेड या कृष्णवर्णीय लेखकाने २००१ मध्ये त्याच्या नावाने एक मोठी कादंबरी लिहिली. आधी गाणे, मग पुस्तक, असा हा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. अण्णाभाऊंचे वेगळेपण असे, की त्यांना गाणारा आणि लिहिणारा अशी दोन माणसे लागली नाहीत. शाहीरही तेच आणि कादंबरीकारही तेच. शिवाय नायक त्यांच्या नात्यातला.

वारणेचा वाघ ही त्यांची दुसरी कादंबरीही अशाच एका बंडखोराची, सत्तू भोसले याची, कथा आहे. तिच्यावरही १९७० मध्ये चित्रपट निघाला. मात्र एक सावधगिरी बाळगा. फकिरा हा इतिहासाचा ग्रंथ नव्हे. त्यातले नायक कधी कधी फारच थोर होतात, घोडा तर जवळजवळ माणसासारखा वागतो. ही कादंबरी आहे आणि ती शाहिराने लिहिली आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे. माझ्या मते तिचे बळ लढायांच्या वर्णनात नाही. ते भुकेच्या वर्णनात आहे. भूक अण्णाभाऊंनी कल्पनेने लिहिली नव्हती.

हे पुस्तक त्यांनी घाटकोपरच्या चिराग नगर झोपडपट्टीत बसून लिहिले. आजूबाजूला गटार, कोंबड्या, भांडणे, रडणारी मुले. त्याच वस्तीतली माणसे त्यांच्या कथांत शिरली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन करण्याचा मान अण्णाभाऊंना मिळाला. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर उभी आहे, ही जुनी समजूत त्यांनी तेथे नाकारली. ती श्रमिकांच्या आणि दलितांच्या तळहातावर तरली आहे, असे त्यांनी सांगितले.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. पायी मुंबईला आलेला मुलगा विमानाने मॉस्कोला पोहोचला. त्या सफरीवर त्यांनी माझा रशियाचा प्रवास हे छोटे, गमतीदार पुस्तक लिहिले.

इतकी पुस्तके, चित्रपट आणि परदेशप्रवास झाला, तरी घरची गरिबी हटली नाही. गरजेपोटी पुस्तके थोड्या पैशांत प्रकाशकांच्या हाती जात. चित्रपटांतूनही हाती फार काही आले नाही. अखेरची वर्षे आजारपणाची आणि एकटेपणाची गेली. शेवटी गोरेगावला सरकारने दिलेल्या एका लहान घरात ते राहायला गेले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते. त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत दोन्ही शाहिरांचे आवाज थांबले.

भारत सरकारने २००२ मध्ये अण्णाभाऊंच्या चित्राचे चार रुपयांचे टपाल तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसवण्यात आला.

मला प्रश्न विचारणारा तो आठवीतला मुलगा आता मोठा माणूस झाला आहे. एकदा रस्त्यात भेटला, तेव्हा मी त्याला ओंजळीची गोष्ट सांगितली. लहानपणी मिळालेल्या दोन ओंजळी रुपयांच्या बदल्यात एका माणसाने देणाऱ्याचे नाव घरोघर पोहोचवले, म्हणून हलगी वाजते, असे म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग पुस्तक कोठे मिळेल, असे विचारू लागला. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात फकिराची एकच प्रत आहे. ती दोनदा बांधून घेतली, तरी तिची शेवटची पाने सुटतात, कारण मुले शेवट आधी वाचतात. तुम्ही तसे करू नका.